चंद्राबाई पुन्हा सांगते

चंद्राबाईला आज यायचंच नव्हतं. गावी, कामथडीत, भुईमूग काढायचा राहिला होता आणि ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सकाळपासून जड झाला होता. पण भोरच्या शुभदाताईंना नाही म्हणणं तिला जमत नसे. ताईंच्या महिला मंडळाच्या तपासणी शिबिरातच तिच्या छातीतली गाठ सापडली होती. पुण्याला नेऊन उपचारही त्यांनीच करवले. तेव्हापासून कुणी बाई उपचाराला नको म्हणून अडून बसली, की ताई चंद्राबाईला पुढं करत. "बघा, कशी ठणठणीत आहे." चंद्राबाई मान हलवायची.

आज पानशेतच्या पलीकडच्या वाडीतली साळूबाई अडून बसली होती. शिबिरात तिच्या छातीत गाठ सापडली होती, पुढची तपासणी पुण्यात व्हायची होती. न्यायला आलेली जीप दोनदा रिकामी परतली होती.

ताई ओसरीवर तिच्या नवऱ्याची, गेनबाची, समजूत काढत बसल्या. चंद्राबाई आत चुलीपाशी टेकली.

"तुमी बी तेच सांगणार," साळूबाई म्हणाली. "समदं बरं हुतंय म्हून."

चंद्राबाईला एकदम सगळ्याचाच शीण आला. तिनं पदर बाजूला केला, पोलक्याची बटणं काढली. साळूबाई सपाट छातीवरचा वण बघत राहिली.

"दुखतं?"

"हात सुजतो. भरली घागर उचलत न्हाई."

"आन मालक?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"लई दिस बाहीर निजले. आता हात सुजला की त्येच शेकून देत्यात. पर त्ये दिस म्या इसरले न्हाई."

 साळूबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली. "तुमी खरं बोललात," म्हणाली, आणि ओसरीवर जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आज म्हशीची धार तुमी काढा. म्या पुण्याला निघाले."

गेनबा धारेची चरवी शोधायला उठला.

गाठ वाईटच निघाली, पण वेळेत सापडली होती. ऑपरेशनच्या दिवशी साळूबाईनं चंद्राबाईला पुण्याच्या दवाखान्यात बोलावून घेतलं. दुपारी साळूबाईला खाटेवर आणून निजवलं, तेव्हा गेनबा टोपी हातात घेऊन दाराबाहेरच घुटमळत होता.

"आता म्या काय करू, बाई?"

"आत जाऊन जवळ बसा. बोलू नगा कायी."

तो आत गेला. चंद्राबाई बाकड्यावर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि तिथंच तिचा डोळा लागला.