धडधाकट कोंबडीचं रक्त

तुम्ही आमच्या चऱ्होलीत कोंबड्या वाटल्या नाहीत, साहेब, मरण वाटलंत. वर गळ्यात हार घालून घेतलेत.

पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या. छप्पन्न सालच्या सरकारी वाटपात गोजाबाईच्याही वाट्याला आल्या. तुरे जास्वंदीसारखे लाल, दाण्यावर तुटून पडायच्या. बायका तिची अंडी मागून न्यायच्या, आपल्या खुडूक कोंबडीखाली बसवायच्या. पिल्लं निघायची आणि पटापट मरायची. पंख पाडून, बुडाला चुन्यासारखी हगवण चिकटून.

जिथं गोजाबाईची अंडी, तिथं पिल्लांचा खच. तिच्या कोंबड्या मात्र ठणठणीत! बाई विधवा, पोटी मूल नाही. गावाला आणखी काय लागतं?

"कोंबडीत खोट न्हाई गं," शालनबाई पाणवठ्यावर मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "देनारणीच्या हातात हाय."

मग तिला पाहून दारं लागू लागली. असल्या बाईला गाव फार दिवस ठेवत नाही, हे गोजाबाईला पक्कं ठाऊक होतं.

ढोरांचा डॉक्टर बैलांना टोचायला आला, तशी ती कोंबडी काखोटीला मारून त्याच्यापुढं उभी राहिली.

"काय झालंय हिला?"

"हिला धाड भरली न्हाई. झालंय ते मला. दोष कुनाचा, तेवढं बघा."

डॉक्टर हसला नाही. पुढल्या खेपेला एक बाटली घेऊन आला. चावडीपुढं गाव जमलं. त्यानं पांढऱ्या फरशीवर जांभळ्या औषधाचा थेंब टाकला, कोंबडीच्या पंखाखाली टोचून रक्त त्यात कालवलं आणि फरशी हळूहळू डोलवली.

पाहता पाहता थेंब फाटला. दूध नासावं तसा. जांभळे कण एकमेकांकडं धावले, गुठळ्या झाल्या. शालनबाईच्या गावठी कोंबडीचा थेंब मात्र गुळगुळीत राहिला.

"गुठळ्या म्हणजे रक्तात रोगाची खूण. लहानपणी हिला हाच हगवणीचा रोग झाला. ही वाचली, जंतू आत राहिला," डॉक्टर म्हणाला. "तो अंड्यात उतरतो."

गोजाबाईनं कोंबडी उचलून डोळ्यांसमोर धरली. डोळ्याला दिसत नाही, कोंबडीचं पीसही हलू देत नाही, आणि पिल्लाच्या आधी अंड्यात जाऊन बसतो! कवच न फोडता! एवढ्याशा जिवाला एवढी वाट दाखवली कुणी?

"अंडी कच्ची पिऊ नका. ह्याचे भाऊबंद माणसालाही आडवं करतात."

"अगं बया! आमचा पैलवान रोज दुधात फोडून पितोय की!" शालनबाई घराकडं पळाली.

"ह्या कोंबड्या माराव्या लागतील, बाई."

"मारा. पर हे वाटायच्या आधी बघता येत हुतं?"

डॉक्टरनं मान खाली घातली. "येत होतं."

"मंग ह्याच सरकारी खुराड्यातल्या आनखी कुठं वाटल्या? थेरगावात? ताथवड्यात? तिथंबी कुना बाईला चेटकीण म्हनत आसतील. गावांची नावं सांगा, डॉक्टर. आत्ता सांगा!"