घरचा जिन्नस

भिकूने कोंबडी काखेत दाबली, दोन बोटांनी तिची चोच फाकवली आणि आत नाक घातलं. कोंबडीने डोळे वटारले. भिकूने पुन्हा एकदा हुंगलं.

"खाल्लंस का गं? खरं सांग," तो तिला म्हणाला.

नीराबाई डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. ती दारातच थांबली.

"तिला काय इच्यारता? ह्या कोळीवाड्यात मावरं न खाल्लेलं कोन हाय? हितं वारापन मावरं खातो."

नवऱ्याला असं तोंडावर ऐकवून ती अलिबागच्या वाटेला लागली. भिकूने कोंबडी खाली सोडली. बाईचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर त्याची पंचाईत होती.

होडीच्या दोरात उजवा हात सापडून चिरडला, तेव्हापासून भिकूचा समुद्र सुटला होता. नीराबाई टोपली विकून यायची, घर चालवायची आणि त्याची तंबाखू कोनाड्यात ठेवायची. हातात कधी द्यायची नाही. भिकूही ती कोनाड्यातून अशी उचलायचा, की जणू तिथे उगवूनच आली असावी. धक्क्यावर गेलं की जुने सोबती कोंबड्यांची भरती-ओहोटी विचारायचे. त्याने धक्क्यावर जाणं सोडलं.

कोंबड्या ब्लॉक ऑफिसच्या सरकारी योजनेतल्या. तांबडी विलायती पिल्लं, खाण्यासाठी वाढवायची. ती घ्यायला गिऱ्हाईकही तयार होतं, अलिबागचा रामचंद्रशेट खानावळवाला. त्याच्याकडे मुंबईचे पाहुणे उतरत. एकाने मागे ताट सरकवून विचारलं होतं, ही कोंबडी आहे की बोंबील? इथल्या कोंबड्या दिवसभर सुकत घातलेल्या मासळीवर चरतात, मग रश्शाला दुसरा कसला वास येणार? रामचंद्रशेटने भिकूला निक्षून सांगितलं, मासळीचा कण न खाल्लेली कोंबडी दे, कायम घेईन. एक जवळा, एवढीशी कोळंबी, जरी खाल्ला असला तरी मला कळेल, म्हणाला, आणि नाकावर बोट ठेवलं. त्या नाकाचा लौकिक मोठा होता. दोन कोंबडीवाल्यांना त्याने उंबऱ्यावरूनच वास घेऊन परत पाठवलं होतं.

भिकूने कंबर कसली. कोंबड्यांना कुंपण पाहिजे म्हणून त्याने जुनं जाळं ताणून बांधलं. सकाळी बघतो तर सगळ्या कोंबड्या जाळ्याला चिकटलेल्या, गाठीगाठींतून जुने खवले टिपून खाताहेत. मग त्याने ते जाळं हंड्यात घालून शिकेकाईने धुतलं.

"माज्या केसांना कदी गावली न्हाय ती," नीराबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मग खाण्याचे प्रयोग सुरू झाले. खोबऱ्याची पेंड आणि भाताचा कोंडा तर होताच, पण नुसत्या त्यावर कोंबड्या वाढेनात. फणसाच्या आठळ्या उकडून घातल्या, तर कोंबड्या पोट फुगवून लग्नातल्या विहिणींसारख्या एका जागी बसून राहिल्या. कोकमाची सालं घातली, तर शेजारच्या येसूबाईने अंगणात लाल शीट बघितली आणि रक्ताची हगवण आली म्हणून बोंब ठोकली. दुपारपर्यंत वाड्यातली प्रत्येक कोंबडी डालग्याखाली कोंडली गेली.

काजूच्या बोंडांनी तर कहर केला. ती मडक्यात दोन दिवस उन्हात राहिली, आणि ती खाऊन कोंबडा कुंपणाला टेकून भर दुपारी आरवायला लागला, तेही अर्ध्यावर थांबून, पुढचं आठवत नसल्यासारखा. दारूबंदीचा शिपाई वासावर आला. त्याने मडक्यात डोकावलं, भिकूचं तोंड हुंगलं. भिकू कोरडा निघाला. प्यालेला समोर होता, पण त्याला बेडी बसण्यासारखी नव्हती. शिपायाने मडकं फोडलं आणि कोंबड्याकडे रागाने बघत निघून गेला.

कोंबड्या मात्र दिवसेंदिवस खंगत चालल्या. पिसं गळायला लागली, एकमेकींना टोचायला लागल्या. भिकू संध्याकाळी कुंपणापाशी उकिडवा बसायचा आणि दुखरा हात चांगल्या हाताने दाबत राहायचा. जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. नीराबाईने त्या दिवसांत टोमणे मारणं बंद केलं. हे त्याच्या ध्यानात आलं, आणि टोमण्यांपेक्षा जास्त लागलं.

शेवटचा उपाय म्हणून त्याने शेवग्याचा पाला सुरू केला. पहाटे उठायचा, पाला ओरबाडून आणायचा, चिरून कोंड्यात कालवायचा.

आणि कोंबड्या उठल्या. पंधरवड्यात पिसांना तकाकी आली, छात्या भरल्या, तुरे लालभडक झाले. भिकू धक्क्यावर गेला. कोणी विचारायच्या आत त्याने शेवग्याचं सांगायला सुरुवात केली. ग्रामसेवक दयाराम सायकल टेकवून ऐकत उभा राहिला आणि पुढच्या सभेत भिकूनेच दोन शब्द बोलावेत म्हणाला. भिकू दोनशे बोलला. आठ दिवसांत वाड्यातल्या साऱ्या शेवग्यांवर पान राहिलं नाही. येसूबाईचं झाड तर सोललेल्या कोळंबीसारखं दिसायला लागलं. भिकूसारख्या कोंडून पाल्यावर ठेवलेल्या कोंबड्या मात्र कोणाच्याच वाढेनात. भिकू सगळ्यांना सांगायचा, हाताचा गुण लागतो.

पाला संपल्यामुळे त्याला आता पार डोंगराखालच्या वाडीपर्यंत जावं लागे. येईतो चांगलं उजाडायचं. एक गोष्ट त्याला खटकायची. कोंबड्यांसाठी एवढा राबतो तो, पण नीराबाई नुसती अंगणात आली की सगळ्या तिच्या पायांत धावायच्या. कोंबडीची जातच बेइमान, असं तो मनाशी म्हणायचा.

मग रामचंद्रशेट आला. ओटीवर बसला, उपरण्याने वारा घेतला, अंगणाचा वास घेतला. कोंबडी खाऊनच ठरवीन, म्हणाला. त्या दिवशी नीराबाई बाजाराला गेली नव्हती. ती आत पाट्यावर वाटण वाटत होती.

भिकूने मागच्या दारी सगळ्यांत भरलेली कोंबडी मारली, सोलली, आणि मानेखालची दाण्याची पिशवी फाडली. कोंडा निघाला. पेंड निघाली. शेवग्याची बारीक चिरलेली पानं निघाली. आणि त्यांच्यामध्ये, काळ्या बारीक डोळ्यांसकट, मूठभर जवळा.

भिकू बघतच राहिला. त्याने एक जवळा बोटावर घेतला. चुकून टिपलेला नव्हता. काडीकचरा काढून, निवडून, धुऊन घातलेला. असा जवळा वाड्यात एकच बाई निवडायची.

आतून वरवंट्याचा आवाज येत होता. एकदा थांबला. पुन्हा सुरू झाला.

भिकूने जवळा माडाच्या बुंध्याशी पुरला, वर पाय दाबला. कोंबडी तीन पाण्यांनी धुतली, मग आणखी एका. आत जाऊन पातेल्यात टाकली. नीराबाईने मान वर केली नाही. ओटीवर जाऊन सांगून टाकावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. मग कोनाड्याकडे लक्ष गेलं आणि त्याने शेटसाठी पाट मांडला.

रामचंद्रशेटने पहिला तुकडा नाकाशी नेला. तिथेच धरला. भिकूला तो तुकडा तिथे फारच वेळ राहिल्यासारखा वाटला. मग तुकडा तोंडात गेला. मग दुसरा. मग भाकरीने ताट पुसलं गेलं.

"वहिनी, एक तंगडी आणखी वाढा," तो म्हणाला, आणि भिकूकडे वळला. "बघ, नाकाला फसवता येत नाही. ह्या कोंबडीने जन्मात मासळीचं तोंड बघितलेलं नाही. आता खरं सांग, घालतोस काय?"

नीराबाई पळी घेऊन आली होती. ती रामचंद्रशेटच्या ताटावर वाकली.

"कोंडा, पेंड, शेवग्याचा पाला," भिकू म्हणाला. "आनि येक घरचा जिन्नस हाय. तो मी सांगनार न्हाय."

पळी ताटावर जरा जास्तच थांबली. रस्सा ताटाच्या काठावरून ओघळला.

"सांगू नकोस," रामचंद्रशेट खूश होऊन म्हणाला. "धंद्यातलं एखादं आपल्यापाशी ठेवावंच."

जाताना तो सगळ्या कोंबड्या ठरवून गेला. रात्री भिकू जेवायला बसला. नीराबाईने तंबाखूची पुडी कोनाड्यात ठेवली नाही. भिकूच्या ताटाशेजारी ठेवली.

पहाटे भिकू नेहमीसारखा वाडीवर गेला. पाला लवकर मिळाला. तो परत निघाला तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. उंडीच्या झाडापाशी वाट वळते आणि तिथून घर दिसायला लागतं. अंगणातून कोंबड्यांचा कालवा ऐकू येत होता, आणि त्यात नीराबाईचा दबका आवाज. सगळ्यांना मिळंल गं, लोटू नगा, असं काहीसं ती म्हणत होती.

घरात बायका असल्या की पुरुषाने बाहेरून खाकरावं, मग आत यावं, ही रीत भिकू दुसऱ्यांच्या घरी पाळायचा. स्वतःच्या घरी त्याला आजवर कधी गरज पडली नव्हती.

त्याने पाल्याची पेंढी उंडीखाली ठेवली, वर बसला, आणि मोठ्याने खाकरला. मग कमरेची पुडी काढून सावकाश तंबाखू मळायला लागला.