न मिटणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. घडीची म्हणायची इतकंच. माझी घडी होत नाही.

दोन भाऊ आम्हांला भाड्याने देत. धाकटे टेम्पो आणि ड्रायव्हर सांभाळत, थोरले डागडुजी. सभा, वाढदिवस, शोकसभा, सतत फिरती. एके ठिकाणी दोन तास काढले की माझ्या पायांना मुंग्या येत. "ही डुगडुगत नाही" म्हणून पाहुणे मलाच आधी पकडत.

मग एका फुरसतीच्या महिन्यात थोरल्यांनी आम्हां सगळ्यांना उघडून उभं केलं आणि ऑइलपेंटचे दोन जाड हात दिले. धाकटे म्हणाले, दादा, रंग ओला आहे तोवर एकदा मिटून घे, सांधे चिकटतील. थोरले म्हणाले, मी ब्रश धरला तेव्हा तू रांगत होतास.

सांधे चिकटले. बाकीच्या हातोडीला घाबरून मिटल्या, मी नाही. थोरल्यांनी जाहीर केलं की ही मुद्दाम अशी केली आहे, आणि पुरावा म्हणून रोज गोदामाच्या दारात माझ्यावर बसू लागले. भावांचं बोलणं बंद झालं. निरोप धाकट्यांची मुलगी पोचवी, दोघे समोरासमोर असले तरी. टेम्पो सुरू झाला की माझा जीव नुसता वरखाली होई.

एकदा मुलीला शाळेसाठी 'रिजिड' शब्दाचा अर्थ हवा होता. आई म्हणाली, "न वाकणारं. वाक्यात उपयोग हवा तर दारात बघ." मुलीने बघितलं. लिहिलं, 'खुर्ची रिजिड आहे.' मग थोडा विचार करून 'काकाही.'

शेवटी धाकट्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. निम्म्या खुर्च्या न्यायला हमाल आले, तर थोरले सकाळपासून दारात. वाट सोडा, असा निरोप आला. सोडत नाही, असा गेला. हमालांनी तिथेच जेवणाचे डबे उघडले.

दुपारी मुलीने हळूच विचारलं, "काका, पाय आखडलेत का?"

"केव्हाचे. कुणाला सांगू नकोस."

पण सवय ती सवय. ती सरळ बापाकडे गेली आणि निरोप शब्दशः पोचवला, 'कुणाला सांगू नकोस'सकट.

धाकटे आले. "दादा, हात दे."

थोरल्यांनी दिला, पण गुडघे उघडेनात. मग भावाने आणि हमालांनी त्यांना माझ्यासकट उचललं आणि टेम्पोत ठेवलं. सहा मिटलेल्या खुर्च्यांची जागा मी एकटीने अडवली.

"दवाखान्यात ने," थोरले म्हणाले, थेट भावाला. "आणि तू चालव. तुझा ड्रायव्हर खड्डे बघत नाही."

बाकीच्या खुर्च्या होत्या तिथेच राहिल्या.

मित्रांनो, आम्हांला रंगवा, पण अधूनमधून मिटत-उघडत राहा. आणि कुणी जागचं हलत नसेल, तर हट्टी ठरवण्याआधी जवळ जाऊन एकदा विचारा, पाय आखडलेत का.