पाळकाचं पहिलं पीक

कापणीच्या सणाला आपल्या रानातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून देवापुढं ठेवायचं आणि मग आवारात त्याचा लिलाव करायचा, ही कोल्हापूरच्या त्या मंडळीची जुनी रीत. टेबलावर ऊस, भोपळे, अंडी मांडून झाली होती. पाळक योनाथान चोपड्यांनी त्यातच आपल्या आयुष्यावर लिहिलेलं नवंकोरं पुस्तक नेऊन ठेवलं.

मंडळीचे कारभारी प्रभुदास हिरवे तरातरा पुढं आले.

"लेक गेल्यावर वरीसभर तुमचा देवावर विश्वास न्हवता, ते प्रकरण पुस्तकातनं काढून टाकलं न्हवं?"

"न्हाय. तेच पहिलं घातलंय."

"पाळकानं असलं लिहायचं नसतं. उचला ते."

योनाथानांनी शेजारचा हिरव्यांचाच भोपळा फिरवला. मागच्या अंगाला किडलेला होता.

"ह्यो बरा चालतोय देवाला."

"रानात आलं ते आणलं," हिरवे पुटपुटले.

"मग मीबी तेच केलंय की. इतकी वर्षं प्रवचनात दुसऱ्याच्या रानातलं आणून तुम्हाला वाढलं. माझ्या रानात एवढंच पिकलंय, आणि ते त्याच वर्षी पिकलंय."