चावडीची पायरी

लग्न होऊन गावात आले त्याला बेचाळीस वर्षं झाली, पण चावडीची पायरी मी चढले नव्हते. आमच्या घरातल्या बायका चढत नाहीत. गावाला हे ठाऊक आहे, कारण मीच सांगितलंय.

त्यात माझा लेक दत्तोबा सरपंच. तरुण मंडळाची पोरं चावडीपुढं बसली ती त्याच्याच विरुद्ध, अन् म्होरकी कोण, तर माझीच नात उत्कर्षा. बारामतीला कॉलेजात शिकते. पाण्याची टाकी कागदावर बांधली, ग्रामसभाही कागदावरच भरवली, असा पोरांचा ओरडा. विहिरीवरून हंडे वाहणाऱ्या बायका मान डोलवायच्या, अन् सरपंच दिसला की पदर ओढून चालू लागायच्या. इंदापूरचे साहेब चौकशीला येणार होते. पण "मी सभेला नव्हते" म्हणायला गावात एक जीभ सापडेना.

उत्कर्षानं ठरावाची नक्कल आणली.

"आज्जी, ऐक. टाकीच्या ठरावाच्या सूचक म्हाळसाबाई. म्हंजी तू. सात सभांना हजर हायेस, पुढं तुझा अंगठा."

"अंगठा?" चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. "अगं, दुसरी शिकलीय मी! सही करते. अंगठा लावायला मी काय अडाणी शकुबाई हाय?"

"आन् टाकी?"

"मरू दे तुजी टाकी!"

साहेब आले त्या दिवशी नवं लुगडं नेसले. सारं गाव चावडीपुढं जमलेलं. दत्तोबा पायरीवर आडवा आला.

"आई, घरी जा. आपल्या बायका हितं येत न्हाईत."

"व्हय रं बाबा. ह्येच सांगाया आलेय. साहेबास्नी आता तूच सांग, मोठ्यानं."

त्यानं ग्रामसेवकाला खुणावलं. ग्रामसेवक सभेची वही मिटायला लागला. मी पायरी चढले, पेन मागितला अन् त्या अंगठ्याशेजारी नाव लिहिलं. वेळ लागला. साहेब थांबले.

तेवढ्यात खालून शकुबाई ओरडली, "मी अंगठाच लावते, म्हाळसाबाई! पर त्या वहीतला माजा न्हाय!" मग एकेक जीभ सुटली.

पेपरात पोरांचा फोटो आला. चौकशी अजून चालू आहे. दत्तोबा घरात माझ्याशी बोलत नाही. पण आता ग्रामसभा खरीच भरते. मी पहिल्या पायरीवर बसते. शकुबाई आधी येऊन बसली असेल तर तिला सरकवते अन् विचारते, "सरपंच, टाकी कुठं हाय?"

तिथं त्याला बोलावंच लागतं.