लातूरहून आलेले शरणु

उदगीरच्या मोंढ्यात संगप्पांनी अडतीचे दुकान घातले, त्यांच्या सिद्रामप्पांनी ते नावारूपाला आणले, आणि सिद्रामप्पांच्या शिवशंकरअप्पांनी ते राखले. या शिवशंकरअप्पांची धाकटी सून महानंदा. पती गेल्यावर दुकान नि घर दोन्ही तिच्या शब्दावर चालले. लिंगपूजा झाल्याशिवाय या घरात कुणाच्या तोंडात घास जात नसे, हा तिचाच दंडक.

आणि त्याच महानंदाच्या ओठांवर, पूजेला बसताना, येशूचे नाव येऊ लागले होते.

नात शिवांगीने तिला मोबाइल घेऊन दिला होता. दुपारी घर आडवे झाले, की महानंदा त्यावर नांदेडच्या सिंधूताईंची थेट चालणारी येशूची प्रार्थना ऐके. पहिल्याच दिवशी सिंधूताईंनी विचारले होते, आज कोण दमलंय? साऱ्या घराला हुकूम सोडणाऱ्या बाईला हे आजवर कुणी विचारले नव्हते. तिने खाली नाव-गाव लिहिले. सिंधूताईंनी ते घेऊन प्रार्थना केली, आणि महानंदा पदरात तोंड लपवून पोटभर रडली. पुढे रडणे सरले. भजनाला ती टाळ्या वाजवू लागली, पण आवाज न करता.

एका दुपारी मन इतके भरून आले, की तिने प्रभूला नमस्कार लिहिला. लिहिला तो आपल्या लिंगायत लोकांच्या सवयीने: शरणु. सिंधूताईंनी कौतुकाने वाचले, उदगीरच्या आई शरणु म्हणतात. क्षणात खाली दुसरे शरणु उमटले. नाव होते, अंजू, लातूर.

महानंदाने घाईने मोबाइल पालथा घातला. अंजू म्हणजे लातूरला राहणाऱ्या थोरल्या जावेची, सिद्धम्माची सून. आता हे सिद्धम्माच्या कानी जाणार. ज्या अक्कासमोर आजवर ताठ मानेने वावरले, तिला तोंड कसे दाखवायचे?

दुसऱ्या दिवशी सिद्धम्मा स्वतःच दारात उभी राहिली. पाणीसुद्धा न घेता तिने महानंदाला आत नेले नि दार लोटले.

"काल शरणु तूच लिहिलंस ना?"

"हाव, अक्का." महानंदाने मान खाली घातली.

"मान कशाला घालतीस? खालचं मी लिहिलं. अंजूचा फोन घेऊन. दोन वर्षं झाली ऐकून राहिले, आन् तुझ्या भ्यानं उदगीरला यायची बंद झाले."

"माझ्या भ्यानं?"

"मग? तुझा दंडक काय कमी हाय?"

दोघींना हसू आवरेना. मग दोघींनी मिळून नांदेडचे भजन लावले नि टाळ्या वाजवल्या. या वेळी खणखणीत.

तेवढ्यात त्याच मोबाइलवर सिद्धम्माचा मुलगा उमाशंकर याचा फोन आला; सिद्धम्माने तो घेतला. अंजूच्या फोनवर त्याने सगळे वाचले होते. आईच्या डोक्यात हे कुणी भरवले, एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. सिद्धम्माचा चेहरा पांढराफटक पडला.

महानंदाला तो चेहरा ओळखीचा होता. ती नवी नवरी असताना पाणी शेंदताना तिच्या गळ्यातले इष्टलिंग आडात पडले होते. त्याहून मोठा अपराध या घरात नव्हता. दोरा बांधताना माझ्याच हातून सुटले, असे सांगून सिद्धम्माने तो अंगावर घेतला; सासूबाईंनी तिला वर्षभर देवघराची पायरी चढू दिली नाही. महानंदा तेव्हा गप्प राहिली होती.

तिने फोन हाती घेतला.

"उमाशंकर, काकू बोलते. आईला एक शब्द बोलायचा नाही. मीही त्याच प्रभूचं नाव घेते. भावकीत कुणी विचारलं, तर आधी माझं नाव सांग. जे बोलायचं ते इथं येऊन मला बोल."



"काकू, तुम्हीपण?" मग त्याचा आवाज उतरला. "आईला जेवू घाला. सकाळपासून उपाशी हाय ती."

महानंदाने फोन ठेवला. सिद्धम्मा डोळे पुसत पाटावर टेकली.

"फिटलं गं सगळं," ती म्हणाली. "आता वाढ."