आमच्याकडचा ऑरिन

पार्सल आलं त्या शुक्रवारी मी रस्त्याकडच्या खिडक्या धूत होते. आमच्या गावात शुक्रवारी खिडक्या धुतात. न धुणाऱ्या बाईबद्दल काय बोललं जातं ते ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे माझा नवरा योस गेल्यानंतरच्या दोन वर्षांतही हा नेम मी मोडला नव्हता. शेजारचे हुबेर्टकाका बाकावर बसून देखरेख करत होते.

"लीस, वरचा कोपरा राहिला."

"मग या की शिडीवर."

"मी चौऱ्याऐंशीचा आहे. माझं काम चुका काढायचं."

पार्सल अमेरिकेतून, केंटकीहून आलं होतं. आत दोरीने बांधलेली माझ्या आईची जुनी पत्रं होती आणि वर एक चिठ्ठी, ऑरिनच्या धाकट्या बहिणीची, व्हर्नाची.

ऑरिन म्हणजे आमच्या वाट्याचा सैनिक. दुसरं महायुद्ध संपता संपता गावाबाहेरच्या माळावर अमेरिकन मुलांना पुरलं, तेव्हा इथल्या घराघराने एकेक कबर आपली म्हणून घेतली. आई तेव्हा वीस वर्षांची होती, आणि तिला मिळालेला ऑरिन एकवीस वर्षांचा, जानेवारीच्या बर्फात गेलेला. आईनंतर तो माझ्याकडे आणि योसकडे आला. दर रविवारी फुलं न्यायची, दगड पुसायचा. कबर हा शब्द मात्र आम्ही कधी वापरत नाही. 'ऑरिनकडे जाऊन येते', 'ऑरिन बरा आहे', असंच म्हणतो. सगळं गावच आपापल्या मुलाबद्दल असं बोलतं.

युद्धानंतर अमेरिकन सरकारने तिकडच्या प्रत्येक घराला विचारलं होतं, मुलाला परत आणायचं की तिथेच राहू द्यायचं. 'आईने त्याला आणलं नाही,' व्हर्नाने लिहिलं होतं, 'कारण तुमच्या आईने कळवलं की तो तिथे रमलाय. त्यावरून मी आईशी आयुष्यभर भांडले. आता मी ब्याण्णव वर्षांची आहे. ही पत्रं वाचा आणि एकच सांगा, यातलं काही खरं होतं का?'

दुपारभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी वाचत बसले. सुरुवातीची पत्रं साधी होती, आईच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतली: बर्फ किती पडला, लाकडी क्रूस काढून संगमरवरी कधी बसवले, कोणती फुलं नेली. मग कुठेतरी, नेमकं कुठे ते मला दोनदा वाचूनही सापडलं नाही, ती वाक्यं माळावरून आमच्या घरात आली. ऑरिनने आज दोन वाट्या वाटाण्याचं सूप घेतलं. त्याचा खोकला कमी आहे. त्याने कोंबड्यांचं खुराडं नीट केलं. आणि १९७४च्या एप्रिलमध्ये: ऑरिनने आमच्या लीसला सायकल शिकवली, पाणचक्कीपर्यंत सीट धरून पळत गेला.

ते पळणं मला आठवत होतं. सीटखालची घट्ट मूठ, आणि इतकं पळूनही धाप न लागलेला मागचा माणूस. वळून बघायचं नाही, असं मला बजावलेलं होतं. ते बाबाच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी बाहेर आले. हुबेर्टकाका अजून बाकावरच होते.

"काका, मी लहान असताना बाबांना पळता यायचं का हो?"

"तुझा बाप? खाणीतला दमा घेऊन? जिना चढताना दोनदा बसायचा."

"मग मला सायकल कुणी शिकवली?"

"तुमच्याकडच्या त्या लांब हातांच्या मुलाने. अमेरिकन. फारसं बोलायचा नाही. मला वाटायचं, तुझ्या आईने भाडेकरू ठेवलाय."

"केवढा होता?"

"वीस-एकवीस."

"आणि नंतर?"

"नंतरही तेवढाच. काही माणसांचं वय दिसत नाही." त्यांनी मान वर करून माझी खिडकी पाहिली. "पुसलास वाटतं कोपरा शेवटी."

मी पुसला नव्हता.

शनिवारी सकाळी उत्तर लिहायला बसले. खरं ते लिहायचं ठरवलं होतं: माझी आई मायाळू होती, दुसऱ्या एका आईचं दुःख हलकं व्हावं म्हणून तिने हे रचलं, तिला क्षमा करा. तीन ओळी पुरल्या असत्या. पण त्या वाचून केंटकीतली ती म्हातारी कागदाची घडी घालेल आणि तिचा भाऊ दुसऱ्यांदा मातीत जाईल, हे मला दिसत होतं. मी लिहिलं, सगळं खरं आहे. मग हात थांबेना. तो हल्ली पहाटे उठतो, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बूट बांधतो, योसचा निळा स्वेटर त्याला बाह्यांत तोकडा होतो. चार पानं झाली. त्यातलं काही मी रचलं नाही. कधी पाहिलं एवढंच आठवत नव्हतं.

पत्र पेटीत टाकून आले आणि योस गेल्यापासून पहिल्यांदाच मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. त्या रात्री मला शांत झोप लागली, आणि तेव्हापासून रोज लागते.

मेच्या शेवटच्या रविवारी, त्या सैनिकांच्या स्मरणदिनी, सगळं गाव फुलं घेऊन माळावर जातं. हुबेर्टकाका ठेवणीतला कोट घालून फाटकाशी उभे राहिले.

"लीस, आटप. बँड सुरू होईल."

"तुम्ही व्हा पुढे, काका."

"आजच्या दिवशी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

ते जरा वेळ माझ्या खांद्यावरून आत पाहत राहिले, मग टोपीला हात लावून ओळखीचं हसले आणि काठी टेकत निघून गेले. मी दार लोटून घेतलं. बटाटे अजून शिजायचे होते, आणि कच्चे राहिले की तो ते ताटात बाजूला सारतो.

ऑरिनच्या कबरीवर यंदा फुलं गेली नाहीत.